कानामागची खूण

कुंदा गजभियेचा मी तीस-पस्तीस वर्षं हेवा केला. कधीमधी नाही, चांगला मन लावून, रोजच्या रोज केला. आता ती निवृत्त होऊन पुण्यातून गेली, माझेही सहाच महिने राहिलेत, तेव्हा लिहून मोकळं व्हायला हरकत नाही असं वाटलं होतं. पण कागद पुढे ओढल्यापासून पोटात पुन्हा दुखायला लागलंय.

आम्ही दोघी पुण्यातल्या एकाच मेडिकल कॉलेजात शिकलो आणि तिथेच नोकरीला चिकटलो. मी मेंदूची सर्जन. ती ॲनाटॉमीची, म्हणजे शरीररचनेची, प्राध्यापक. ह्या दोन खुर्च्यांमधलं अंतर बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. सर्जनच्या केबिनबाहेर रांग असते, पेशंटच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका येते, दिवाळीला फराळाचे डबे येतात. ॲनाटॉमीवाल्यांच्या वाट्याला फॉर्मॅलिनचा वास आणि पहिल्या वर्षाची, अजून घराची आठवण काढून रडणारी मुलं. आता सांगा, ह्यात हेवा कुणी कुणाचा करायचा? पण नाही. करत होते मीच.

त्याचं मूळ जुनं आहे. कुंदा नागपूरची, वडील पोस्टात. हॉस्टेलमध्ये तिच्या खिडकीत एक छोटी बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्या शेजारी कायम चहाचा ग्लास. पदव्युत्तर प्रवेशाची यादी लागली तेव्हा ती माझ्या वर होती, खुल्या यादीत, आणि बरीच वर. घरी सांगितलं तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, त्यांना काय, सवलत असते." मी आईला दुरुस्त केलं नाही. सगळं ठाऊक असून केलं नाही. त्या वाक्याने मला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

मग जागा निवडायचा दिवस आला. सर्जरीची एकच जागा उरली होती आणि कुंदाचा नंबर माझ्या आधी होता. मी बाकावर नखं खात बसलेले. आणि ही बया आत जाऊन ॲनाटॉमी घेऊन बाहेर आली! सर्जरीच्या सरांनी तिला व्हरांड्यातच अडवलं. म्हणाले, "गजभिये, वेड लागलंय का तुम्हाला?"

"सर, सर्जनला एका वेळी एकच डोकं मिळतं," ती म्हणाली. "मला सगळी पाहिजेत."

अशा रीतीने ती जागा मला मिळाली. आमच्या घरी पेढे वाटले. पेढे तिने सोडून दिलेल्या जागेचे होते, हे मी कुणालाच बोलले नाही.

कुंदाची खोली ॲनाटॉमीच्या इमारतीत जिन्याखाली होती. तीन बाजूंना लाकडी कपाटं आणि कपाटांत कवट्या. दारावर तिने स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावलेली: "कवट्या पाहायला मिळतील. स्वतःची सोबत आणावी, वापरात असल्यास." नागपूरहून आली तेव्हा साधीसुधी होती हो. पुण्याने तिला बिघडवलं, आणि मग ती आमच्यापेक्षाही पुणेरी झाली. फक्त रागावली की "का?"च्या जागी "काहून?" निघायचं तोंडून. तेवढं नागपूर शिल्लक राहिलं होतं.

तिची एक रीत होती. कवट्यांना ती अहोजाहो करायची. "ह्यांचं उजवं भोक बघा," "ह्या जरा जपून, ह्यांची जबड्याची बाजू नाजूक आहे." पहिल्या वर्षाची मुलं डोळ्याच्या खोबणीत बोटं घालून कवटी उचलतात, तशी कुणी उचलली की वर्ग तिथल्या तिथे थांबायचा. "खाली ठेवा. माफी मागा." मुलगा बावरून तिच्याकडे बघायचा. "माझी नाही. त्यांची." आणि साठ मुलांसमोर त्या मुलाला कवटीपुढे हात जोडून "सॉरी" म्हणायला लागायचं. मुलं पाठीमागे तिला कवटीबाई म्हणायची. पण हाड पकडावं कसं, हे त्या मुलांच्या हातांत जन्माचं बसायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांमध्ये कोण कुंदाच्या वर्गातून आलंय, ते मला पहिल्या दिवशी हातांवरून कळायचं. आणि कळलं की जळायचे.

पर्समध्ये चष्म्याची एक जुनी डबी. तीत चष्मा नसायचा, अंतर मोजायचा कॅलिपर असायचा. त्यावरचे आकडे पुसट झाले होते, पण नवा घ्यायची नाही. "ह्याची चूक किती, ती मला माहीत आहे. नव्याची अजून शोधायला लागेल," म्हणायची. बुधवार पेठेत जुनी पुस्तकं बघायला आम्ही एकदा गेलो होतो. ॲनाटॉमीचं एक जाडजूड परदेशी पुस्तक तिने हातात घेतलं, चित्रं चाळली आणि दुकानदाराला गंभीरपणे विचारलं, "हे कुणाची डोकी बघून लिहिलंय?"

तो म्हणाला, "बाई, आम्ही वजनावर घेतो. डोकी आम्ही विचारत नाही."

कुंदा एवढी खूश झाली की तिने ते पुस्तक घासाघीस न करता घेतलं.

तिचं आयुष्य ह्या एका प्रश्नात गेलं, म्हणून तो जरा नीट सांगते. आम्हा सर्जनांना कवटी उघडायची तर हाडावर काही खुणा धराव्या लागतात. कानाच्या मागे तीन हाडं येऊन एका जागी मिळतात. त्या बिंदूला ॲस्टेरिऑन म्हणतात. पुस्तक सांगतं, ह्या बिंदूच्या आधाराने पहिलं भोक पाडा. का, तर मेंदूतलं रक्त घेऊन उतरणारी एक मोठी शीर आतून तिथूनच वळते आणि भोक तिला चुकवून पाडायचं असतं. आता हा बिंदू काही जिवंत माणसाच्या कातडीवरून हाताला लागत नाही. कानापासून अमुक इतका मागे, तमुक इतका वर, असं पुस्तकातलं अंतर धरून आम्ही कातडीवर खूण करतो. कुंदाचं म्हणणं एवढंच, की ती अंतरं ज्या डोक्यांवर मोजली ती डोकी परदेशातली. एका मुलखातल्या कवट्यांची सरासरी दुसऱ्या मुलखातल्या माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडच्या कवट्यांत तिला तो बिंदू कधी शिरेच्या वर सापडला, कधी नेमका शिरेवर, कधी खाली. दोन-चार मिलिमीटरचा फरक. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं. ड्रिल हातात असणाऱ्याला विचारा.

हे वेड तिला फक्त डोक्याच्या मागच्या बाजूचं नव्हतं. एकदा दाढ काढायला गेली तर डेंटिस्ट टाळूत इंजेक्शन द्यायला लागला, आणि ही तोंड उघडं ठेवून हातवारे करायला लागली. त्याला वाटलं घाबरली. तोंडातला कापूस काढून ती म्हणाली, "अजून मागे. तुमच्या पुस्तकात भोक दुसऱ्या दाढेजवळ आहे, आपल्या लोकांत ते बहुतेकदा अक्कलदाढेपाशी असतं." त्याने मागे सरकून सुई दिली आणि टाळू झटक्यात बधिर झाली. तो डेंटिस्ट पुढे दर शनिवारी तिच्या खोलीत येऊन बसायला लागला. लोक तिला असे चिकटायचे. माझ्याकडे माणसं गरज पडली की यायची आणि गरज संपली की जायची.

कॉलेजच्या प्रदर्शनात एकदा एक निवृत्त गृहस्थ आले होते. टोपी, काठी, बोलणं अगदी मधाळ. कपाटांकडे बघून म्हणाले, "बाई, ह्यात आपल्या वरच्या लोकांच्या कवट्या वेगळ्या ओळखू येत असतील, नाही?" मी शेजारीच होते. कुंदाने शांतपणे एक कवटी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "आडनाव कुठे कोरलंय ते मला अजून सापडलेलं नाही. आपण बघता का?"

गृहस्थ हसले, पण सोडेनात. "तसं नाही हो. इंग्रज साहेबाच्या काळी नाकंबिकं मोजायचे ना."

"मोजायचे. माणसाला कुठे बसवायचं ते ठरवायला मोजायचे. मी ड्रिल कुठे टेकवायचं ते ठरवायला मोजते." आणि वर म्हणाली, "तुमच्यावर वेळ आली तर माझ्या मापाचाच उपयोग होईल."

तिच्या वहीत जातीचा रकाना नव्हता. मुलूख, वय, बाई की पुरुष, डावी बाजू, उजवी बाजू, बस्स. असं उत्तर मला सुचलं असतं का? मुळीच नाही. मी त्या गृहस्थांना चहा विचारला असता.

आता माझ्या मुख्य पोटदुखीकडे येते. पुण्यातच आमच्या सर्जनांची परिषद होती आणि कानामागून मेंदूकडे जाण्याच्या वाटेवर माझं भाषण होतं. नवी साडी, सुंदर स्लाइड्स, महिनाभर तयारी. भाषण संपल्यावर दक्षिणेकडचे एक ज्येष्ठ सर्जन उठले आणि विचारलं, ही खुणेची अंतरं तुम्ही कुठून घेतलीत? मी पुस्तकाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्या पुस्तकातली डोकी आणि आपली डोकी सारखी आहेत का?" मी माइकपाशी उभी. तेवढ्यात अध्यक्षांना शेवटच्या रांगेत कुंदा दिसली. ती सँडविच खात होती. "गजभिये मॅडम आहेत की!" झालं. बाईंनी हात पुसले, पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली कवटी काढली आणि स्लाइड नाही, काही नाही, दहा मिनिटं बोलल्या. जेवणाच्या वेळी तिच्याभोवती ही गर्दी. मी हातात पुष्पगुच्छ घेऊन एका खांबापाशी उभी.

त्यानंतर महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. एकटीने भांडण चालवणं किती दमवणारं असतं, ते मला विचारा.

महिन्याने तीच आली, हातात पुठ्ठ्याची कार्डं घेऊन. प्रत्येक सर्जनसाठी एकेक तिने स्वतः काढलं होतं. कानामागच्या भागाचं चित्र, पुस्तकातली जागा निळी, आणि आपल्याकडे तो बिंदू जिथे जिथे सापडला तिथे लाल ठिपके. खाली लिहिलेलं: "ठिपक्यांवरही विश्वास ठेवू नये. समोरच्या पेशंटचा स्कॅन बघून मोजावं." मी "वा, छान" म्हणून ते घेतलं आणि ती गेल्याबरोबर टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकलं.

त्याच वर्षी सासवडच्या एक शिक्षिका माझ्याकडे मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनला आल्या. मी पुस्तकातल्या अंतराने खूण केली. स्कॅन होता, पण तो मी गाठीसाठी बघितला होता, शिरेसाठी नाही. ड्रिल आत गेलं आणि थेट शिरेवर गेलं. त्या रक्ताचं वर्णन करत नाही. दाबलं, भरलं, एकदाचं थांबलं. ऑपरेशन अर्धवट सोडून जखम बंद केली. बाई वाचल्या, पुढे बऱ्याही झाल्या, पण त्यांना दुसऱ्यांदा टेबलावर यावं लागलं आणि मधले तीन आठवडे त्यांच्या नवऱ्याने व्हरांड्यात बसून काढले. मी त्यांना सांगितलं, "शीर जन्मतःच भलत्या जागी होती." कागदावर तेच लिहिलं. सोमवारच्या वर्गात मुलांना तेच शिकवलं.

दोन दिवसांनी कुंदा माझ्या केबिनमध्ये आली. तिने स्कॅन मागवून घेतला होता. तो खिडकीच्या उजेडावर धरून म्हणाली, "शीर जागेवर आहे, वसू. तू जागेवर नव्हतीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कार्ड कुठे आहे?" तिने विचारलं.

"हरवलं."

"काहून खोटं बोलते?"

मग मी बोलले. बोलायला नको होतं ते बोलले. "तू कधी टेबलापाशी उभी राहिलीस का गं? रक्त उसळलं की तुझा कॅलिपर काय करतो बघू एकदा. मेलेल्यांच्या डोक्यांवर हुशारी करायला काय लागतं!"

तिने स्कॅन पाकिटात घातला, पाकीट माझ्या टेबलावर सरळ ठेवलं आणि गेली. कॉलेजात कुणालाही एक शब्द सांगितला नाही. सांगितला असता तर मला सोपं गेलं असतं. तिला दुष्ट तरी म्हणता आलं असतं.

त्यानंतरची दहा वर्षं माझी चांगली गेली. खूपच चांगली. तसा अपघात पुन्हा झाला नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की मोठा सर्जन हात धुऊन येईपर्यंत ज्युनियर पेशंटचे केस काढून कानामागे खूण करून ठेवतो. माझ्याकडे ते काम डॉक्टर प्राची करायची. मी यायचे, खुणेकडे बघायचे, मान डोलवायचे, आणि ड्रिल जायचं ते बरोबर जागी. बाहेरगावचे सर्जन बघायला यायला लागले. "मॅडमची खूण" असं नावच पडलं. दिशा दाखवणारं महागडं यंत्र आमच्या हॉस्पिटलात आलं होतं, पण ते चालू दिवसांपेक्षा बंद दिवसच जास्त. त्यामुळे माझं कौतुक आणखी. मला वाटायचं, एका फटक्याने मी शहाणी झाले, आणि माझ्या हाताखाली प्राचीही.

मग माझ्याच गालात वीज चमकायला लागली.

चेहऱ्याच्या नसेचं हे दुखणं मी शेकडो लोकांचं बघितलं होतं. दात घासताना, घास चावताना, नुसता वारा लागला तरी गालात करंट बसल्यासारखी कळ. आत एखादी रक्तवाहिनी नसेला चिकटून ठोके देते, म्हणून होतं ते. गोळ्या घेतल्या तर हात जड व्हायचे, आणि जड हातांनी मेंदूला हात लावत नाहीत. मी ऑपरेशनं बंद केली. घरात बसून पातळ भात खायचे आणि खिडक्या लावून घ्यायचे. उपाय एकच, आणि तोही कानामागून. चुकलं तर कान जाणार, तोल जाणार, आणि तोल गेला की माझं टेबलही गेलं. ज्या कामासाठी मी जन्मभर इतरांवर जळत राहिले ते कामच संपणार होतं.

ऑपरेशन प्राची करणार होती. आदल्या आठवड्यात ती घरी आली, स्कॅन घेऊन. म्हणाली, "मॅडम, गजभिये मॅडमना खूण करायला बोलावते."

"काही नको," मी एका बाजूच्या तोंडाने म्हटलं. "तू इतकी वर्षं करतेस की खूण."

प्राचीने स्कॅन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, रागावू नका. मी नाही करत. म्हणजे हात माझा असतो. प्रत्येक केसच्या आधी आम्ही स्कॅन घेऊन जिन्याखालच्या खोलीत जातो. त्या मोजतात, कागदावर काढून देतात. तो कागद बघून मी खूण करते."

"कधीपासून?"

"सासवडच्या त्या शिक्षिकांपासून. मॅडम स्वतःच आल्या होत्या वॉर्डात. म्हणाल्या, तुमच्या मॅडमना सांगायचं नाही."

दहा वर्षं! दहा वर्षं मी तिच्या खुणेवर ड्रिल टेकवत होते आणि लोकांच्या टाळ्या घेत होते. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला तोंड उघडलं की गालात वीज. आणि खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते आभाराचं नव्हतं. मनात आलं, हिने माझं हेही घेतलं.

ऑपरेशनच्या सकाळी कुंदा आली. हिरवे कपडे तिला ढगळ होत होते, टोपी कपाळावर उतरलेली. माझे कानामागचे केस काढलेले होते. तिने स्कॅन बघितला, कॅलिपर लावला, वहीत काहीतरी लिहिलं, पुन्हा लावला. तिची बोटं गार होती आणि चेहऱ्यापासून ती नेटाने लांब ठेवली होती, कळ यायला नको म्हणून.

"माझा बिंदू पुस्तकातल्यासारखा आहे का गं?" मी विचारलं.

"हलू नको. नाही. बराच खाली आहे. तुझ्या जुन्या मापाने तू स्वतःचीच शीर उघडली असतीस."

"बरं वाटत असेल तुला."

"हो तर," ती म्हणाली, आणि खूण केली.

प्राचीने नंतर सांगितलं, की ती निघून गेली नाही. चार तास कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. टेबलापाशी या, बघा, म्हटलं तर आली नाही. फक्त हाड उघडून शीर सुखरूप बाजूला दिसल्यावर "बाप्पा!" असं अगदी नागपुरी म्हणाली आणि पहिल्यांदा खाली बसली.

कळ गेली. कान राहिला, तोल राहिला. तीन महिन्यांनी मी पुन्हा टेबलापाशी उभी राहिले. कुंदाला काय म्हणाले? "थँक्यू." बस्स. एवढंच निघालं. माझ्या हातून तिचा अपराध घडून दहा वर्षं झाली होती आणि तो तिच्या तोंडावर कबूल केल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, पण जीभ उचलेल तर शपथ.

ह्या मार्चअखेर ती निवृत्त झाली. निरोप समारंभात मला बोलायला लावलं. म्हटलं, आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. उठले, माइक धरला, आणि म्हणाले, "गजभिये मॅडम अत्यंत अभ्यासू आणि मनमिळाऊ." मनमिळाऊ! सभागृह हसलं. कुंदाही हसली. मी शाल तिच्या खांद्यावर टाकून खाली आले आणि स्वतःला मनातल्या मनात दहा शिव्या दिल्या.

ती बहिणीकडे नागपूरला कायमची जाणार होती. सामान ट्रकने आधीच गेलेलं. तिची बस संध्याकाळी पाचची, वाघोलीहून. मी दुपारीच गाडी काढली, तरी नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि पोचले तेव्हा बस लागलेली होती. कुंदा एका टपरीपुढे उभी राहून चहा पीत होती.

"तू कशाला आलीस एवढ्या उन्हात?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "कुंदा, मध्ये बोलू नकोस. मी तुझा हेवा करत आले. पहिल्यापासून. जागा मिळाली तेव्हापासून. त्या शिक्षिकांची शीर जागेवर होती, हे मला तेव्हाच माहीत होतं. आणि टेबलाचं जे बोलले ते हेव्यानेच बोलले."

तिने चहा संपवला. ग्लास टपरीवर ठेवला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे म्हणजे?"

"म्हणजे माहीत आहे. म्हणून तर खूण प्राचीच्या हाताने करवून घेत होते. माझी आहे असं कळलं असतं तर तू पुसून टाकली असतीस. अन् टेबलावर तू नव्हतीस ना वसू, टेबलावर पेशंट होता."

मी रडायला लागले. भर रस्त्यात, टपरीवाल्यासमोर. तिला रडणं आवडत नाही. ती बसकडे बघत राहिली.

"सोमवारी मुलांना सांगते," मी नाक पुसत म्हटलं. "शीर जागेवर होती म्हणून सांगते."

"सांग. पण तो स्कॅन लावून सांग. नुसतं कबूल करून त्यांना काय कळणार?"

क्लीनर "नागपूर, नागपूर" ओरडायला लागला. तिने पिशवी खांद्याला लावली, माझ्या हातावर एकदा हात ठेवला आणि चढली. खिडकीची जागा तिची होती. शेजारी हिरव्या साडीतली एक बाई बसली होती, मांडीवर डबा. कुंदाने बसताबसता तिला काहीतरी विचारलं, ती बाई हसली आणि डबा उघडून तिच्यापुढे धरला. दोघींचं बोलणं सुरू झालं. बस हलली तरी कुंदाचं इकडे लक्ष नव्हतं. नागपूर येईपर्यंत ती त्या बाईशी बोलत जाणार होती, आणि वाघोलीच्या त्या उन्हात उभी राहून मला त्या बाईचा हेवा वाटत होता.